बॉल नसलेला खेळ

ऐंशी सालाच्या आसपास कतारमधल्या मेसईदच्या कारखान्यात आमचा एक अमेरिकन सुपरवायझर होता. नाव विसरलो, मोडून वाकडी झालेली बोटं आठवतात. तरुणपणी तिकडच्या फुटबॉलमध्ये बॉल हातात घेऊन पळणाऱ्याला आडवं करणं हे त्याचं पोटापाण्याचं काम.

एका शुक्रवारी आम्ही कॅम्पमागे कबड्डी खेळत होतो. हा साहेब आमच्या बाजूला येऊन, त्याच्या फुटबॉलमधल्यासारखा, एक हात वाळूत टेकून वाकला. समोरून साताऱ्याचा वेल्डर चढाईला आला. त्याला याने अलगद खांद्यावर उचललं आणि दम सुटेपर्यंत खाली ठेवलंच नाही.

"खलास!" सगळे ओरडले.

तो हसत म्हणाला, "दहा वर्षं खेळलो. ज्याच्या हातात बॉल, टाळ्या त्यालाच. इथे बॉलच नाही!"

आमच्या टाळ्या थांबेनात.