भाऱ्यात गवताची काडी नव्हती

ते प्रकरण आठवलं की आजही मी सुन्न होतो. उभी नोकरी खाकीत गेली, खून काही कमी पाहिले नाहीत. पण असा धक्का दुसऱ्या कुठल्या तपासानं दिला नाही. नावं सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच गावात राहतात.

मी तेव्हा भूम तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी चालू असताना पोलीस पाटलाचा फोन आला. साठीतली एक विधवा शेजाऱ्याच्या विहिरीत मेलेली सापडली होती, डोक्याला मार होता. विहिरीलगतच्या बांधावर तिचा विळा आणि हिरवा भारा पडलेला. पंचनाम्यात मीच लिहायला लावलं, 'गवताचा भारा, एक.'

तिचा एकुलता एक मुलगा पुण्याहून सणाला आला होता. आदल्या सांजेपासून आईला गावभर शोधणारा तोच. विहिरीच्या काठावर तो गडाबडा लोळत होता. "साहेब, बांधावरच्या गवतावरून हा शेजारी आईला धमक्या देत होता!"

ते खोटं नव्हतं. "पुन्हा बांधावर दिसलीस तर विहिरीत ढकलीन," असं शेजारी चारचौघांत म्हणाला होता. दोन साक्षीदार लगेच मिळाले. मी त्याला उचलला आणि कोर्टातून कोठडी घेतली. चौकशीत त्याचं एकच पालुपद, "रागात बोललो सायेब. म्या हात लावला न्हाय." हे तर सगळेच म्हणतात! माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची बायको डबा घेऊन ठाण्यात आली. जन्म खुरपणीत गेलेली बाई. मुद्देमाल खोलीचं दार उघडं होतं. आतला भारा पाहून ती थबकली.

"सायेब, ह्यो भारा तिचा न्हाय."

"बाई, नवऱ्याला सोडवायला वाट्टेल ते बोलू नका," मी खेकसलो.

"माजं नका ऐकू. काडी हातात धरून बघा की."

वैतागून मी चार काड्या टेबलावर आणवल्या. तिनं आवारातलं गवत उपटून शेजारी ठेवलं. "हे गवत. काडी गोल, आतून पोकळ, पेरापेराला गाठ. आता तुमची काडी बोटांत फिरवा."

फिरवली. बोटांना तीन धारा लागल्या. गाठ कुठंच नाही, आतून भरीव.

"ह्यो लव्हाळा. आन् ही दुसरी गोल हाय, पर गाठ न्हाय, पान न्हाय, आत पांढरा गर. दोन्ही तळ्याच्या चिखलातलं. असलं निबर झाल्यावर म्हस तोंड लावत न्हाय. म्हातारी लई वर्सं गवत कापत हुती सायेब. डोळं झाकून कापलं असतं तरी असला भारा बांधला नसता."

पंच बोलावून मी सगळा भारा सोडवला. बाप रे! त्यात गवताची एक काडी नव्हती. तसाच बांधावर गेलो. तिथलं गवत गुडघाभर उभं, विळा लागलेलाच नाही. त्याच गवतात दोन तास उभा राहून मी पंचनामा लिहून घेतला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आता प्रश्न एकच होता. लव्हाळ्याला गवत समजून कापणारा माणूस या गावात कोण? गावात शेण-चारा न केलेलं कोणीच नव्हतं. विचार करता करता मी पुण्याहून आलेल्या मुलापाशी आलो.

त्याला जबाबाला बोलावलं. टेबलावर दोन काड्या ठेवल्या, एक गवताची, एक लव्हाळ्याची. "यातलं गवत कोणतं?"

"दोन्ही गवतच आहे की, साहेब."

"तळ्यावर कशाला गेला होतास?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग सगळं बाहेर आलं. रस्त्याकडेची जमीन विकायला आई सही देत नव्हती. भरदुपारी गोठ्यात भांडण झालं, त्यानं तिला ढकललं, डोकं दगडी कुंडीवर आपटलं. ती मेली असं समजून त्यानं तिला गोठ्यामागंच असलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीत टाकलं. ती बांधावर गवताला गेली होती असं दिसायला भारा हवा होता. बांधावर कापत बसला असता तर रस्त्यावरून दिसला असता, म्हणून तळ्याच्या खोलगटात उतरून हिरवं दिसेल ते कापलं. कापलेली जागा त्यानं पंचांसमक्ष दाखवली.

शवविच्छेदनात तिच्या फुप्फुसांत पाणी निघालं होतं. टाकली तेव्हा ती जिवंत होती. हे मी त्याला सांगितलं.

शेजाऱ्याला सोडलं, तेव्हा त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून त्या म्हातारीसाठी रडली. "रोज भांडायची, पर रोज दिसायची ओ सायेब," म्हणाली.

भांडणारा तो गुन्हेगार आणि रडणारा तो दुःखी, असं मी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यावर एक निरपराध माणूस जन्मठेपेला गेला असता. ती चूक मी पुढं प्रत्येक नव्या फौजदाराला स्वतःहून सांगितली. एक गोष्ट मात्र कोणाला सांगवली नाही. कोर्टात नेताना मी त्या मुलाला विचारलं होतं, "शेतकऱ्याच्या पोटी जन्मलास, साधं गवत ओळखता येत नाही तुला?"

तो म्हणाला, "आईनं कधी गवताला पाठवलंच नाही. म्हणायची, हात कापतील तुझे."