गंधकाचा एक किलोमीटर

दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक किलोमीटर गंधक मिसळलेल्या डांबराने करून बघायचं ठरलं, तेव्हा मी नोकरीत नवी होते. प्रयोग फसला तर नव्या इंजिनीअरला कोणी फार बोलणार नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं.

डांबर आणि गिट्टी शिजवणाऱ्या प्लांटवर बर्नर सांभाळणारे एक काकाजी होते. कधीतरी जळालेल्या त्यांच्या भुवया पुन्हा नीट उगवल्याच नव्हत्या. पिवळा गंधक पाहून ते म्हणाले, "हे तं आम्ही भेंडीवर मारतो, भुरी पडली का. रस्त्याले कोणता रोग झाला?"

मी सांगितलं, खनिज तेल शुद्ध करताना हा गंधक निघतो, नुसता पडून राहतो. तो मिसळला की डांबर कमी लागतं, रस्ता लवकर दबत नाही. आचही कमी पुरते, धूर होत नाही. मात्र माल फार तापला तर विषारी वायू सुटतो, त्यामुळे एकशेचाळीस अंशांच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही.

"धूर नाही तं माल शिजला कसा समजाचं?"

मी त्यांना लांब दांड्याचं थर्मामीटर दिलं. त्यांनी ते आदराने खिळ्याला टांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर रस्त्यावर गेले. पहिला टिप्पर आला आणि सडक्या अंड्यांचा वास पसरला. माल पसरवणाऱ्या बायांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वारा जिकडून येत होता तिकडे मी सगळ्यांना नेलं, माल तपासला. एकशेपासष्ट. गाडी दूर उभी करून काम थांबवलं. प्लांटचा सुपरवायझर फोनवर म्हणाला, मशीन बिघडली असेल.

अर्ध्या तासात काकाजी त्यांच्या जुन्या लुनावर आले. माझ्याकडे न बघता आधी बायांकडे गेले. एकेकीला विचारलं, चक्कर तर येत नाही ना. मग माझ्यासमोर उभे राहिले.

"मशीन चांगली आहे, मॅडम. मीच आच वाढवली. माल कच्चा वाटला मले."

रागवायची मी पुरती तयारी केली होती. पण गाडी सुटण्याआधी प्लांटवर मालाचं तापमान बघणं हे माझं काम होतं, आणि मी तिथे नव्हतेच. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्यापासून तुम्ही तिथंच बसा. मी काटा वाचतो, तुम्ही लिहा."

पुढचे सगळे दिवस तसंच झालं. ते मोठ्याने आकडा वाचायचे, मी वहीत उतरवायचे. दुपारी त्यांच्या डब्यातली भाकर आणि वांग्याची भाजी आमच्या दोघांची असायची. एका बाईने सांगितलं की धूर नसल्यामुळे या कामात डोळे चुरचुरत नाहीत. ते ऐकून काकाजी दिवसभर खूश होते.

कापसाच्या गाड्या त्या किलोमीटरवरून दोन हंगाम गेल्या. चाकोऱ्या पडल्या नाहीत. पुढचा तुकडा मंजूर झाला, पण तोवर काकाजींनी काम सोडलं होतं. नव्या बर्नरवाल्याला चार दिवस शिकवाल का, हे विचारायला मी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं.

"त्यायले कायले विचारता?" त्या म्हणाल्या. "मंजुरीची बातमी आली तशी पिशवी भरून बसून राह्यले."