त्याला दारुडा म्हणू नका

इराइमाच्या तोंडी लागू नये, असं आमच्या गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. माराकाइबो सरोवराच्या काठचं गाव हे. खेकडे धरायचे, मासे धरायचे, उकाड्याला शिव्या घालायच्या, यातच माणसांचा जन्म जातो. आणि दर दोन-चार घरांआड ती पीडा. म्हातारी माणसं तिला सान विटोची पीडा म्हणायची, तेही छातीवर क्रूस काढून, हळू आवाजात. अंग आपोआप हलायला लागतं, पाय वेडेवाकडे पडतात, जीभ जड होते, डोकं फिरतं, आणि काही वर्षांत माणूस सुकून संपतो.

इराइमाचा नवरा हेबेर्तो त्यातच गेला. गेला कसला, गावानं घालवला. भर उन्हात बसथांब्यावर कोसळला, आणि बसमध्ये चढणारी माणसं त्याला ओलांडून गेली. सकाळी सकाळीच ढोसलीय म्हणाली. त्या बापड्यानं लग्नाच्या दिवशी घेतली असेल तेवढीच. घरी आणला तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं.

मग बाई पेटली. शहरातल्या डॉक्टरणीला गाठून तिनं सगळं विचारून घेतलं, घोकून पाठ केलं, आणि गावावर तुटून पडली. बायका खेकडे सोलत बसतात त्या शेडमध्ये, रविवारची मिस्साप्रार्थना सुटल्यावर चर्चच्या दारात, नावा लागतात त्या धक्क्यावर, कुठे म्हणून सोडलं नाही. पाद्रीसुद्धा तिला बघून मागच्या दारानं सटकायचा.

“दारुडा म्हणू नका त्याला,” ती सांगायची. “आजारी माणूस आहे तो. मेंदूचा आजार आहे, हंटिंग्टन म्हणतात. शिवून लागत नाही, रक्तातून येतो. आईला नाहीतर बापाला असला, तर लेकराचं नशीब नाणं उडवल्यासारखं. छापा की काटा.”

आणि ओळखायचा कसा, तेही शिकवायची. आधी पायाची बोटं बघा म्हणायची. माणूस गुमान उभा असतो, पण चपलेतली बोटं चाळे करत असतात. मग हातातून वस्तू पडतात, मग उगाच संताप येतो. लवकर कळलं तर लोक लवकर सांभाळून घेतील, असं तिचं गणित. भाबडी बाई, दुसरं काय!

पण खोटं कशाला बोला, गाव शिकलं. बसवाला खाली उतरून आजाऱ्याला हात द्यायला लागला. सिप्रियानोच्या दुकानात तिनं भांडून एक खुर्ची ठेवून घेतली. आजारी माणूस आला की आधी त्याला बसवायचं, मग काय हवं ते विचारायचं. दारुडा हा शब्द गावातून खरंच गेला.

जे शिकलं ते माणूस कुठे वापरील याचा मात्र नेम नाही. लोक पाय बघायला लागले. मिस्सेत पाय, नाचात पाय, पोरगी मागायला आलेल्याचे आधी पाय. नाववाले गडी घेताना जाळं ओढता येतं का ते विचारेनात. म्हणायचे, चपला काढ बघू. मग पीडेच्या घरातली तरणी पोरं त्या भट्टीसारख्या उकाड्यात गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून हिंडायला लागली. बघून जीव तुटायचा.

इराइमाचा एकुलता एक एन्डर नेरिओच्या नावेवर होता. मिसरूड फुटलं तेव्हापासूनचा. सरोवराशिवाय त्याला काही येत नव्हतं, आणि नकोही होतं. बाप गेल्यावर तो हसायचा तो नावेतच. एक दिवस जेवता जेवता तो म्हणाला, आई, मला बूट पाहिजेत. तिनं त्याच्या पायांकडे बघितलं नाही. बूट आणून दिले. रक्त तपासून आजार कळतो, असं सगळ्या गावाला सांगणाऱ्या या बाईनं पोराला मात्र एकदाही जा म्हटलं नाही. कळून करायचं काय? औषध तर नाहीच.

पुढे नावेवर त्याच्या हातातून दोर सुटला, खेकड्यांचे पिंजरे तळाला गेले, आणि वर तोच जोडीदाराच्या अंगावर धावला. नेरिओनं निरोप धाडला, उद्या बूट न घालता ये.

इराइमाच्या घरात दारूला थारा नव्हता. फक्त सान बेनितोच्या मिरवणुकीत संताच्या मूर्तीवर शिंपडायची रम तेवढी असायची. सकाळी तिनं ती काढली, एन्डरच्या शर्टावर शिंपडली, कॉलरला चोळली. तो खुंटासारखा उभा राहिला. मग दोघं धक्क्यावर गेली.

“कोम्पाद्रे, पोरावर रागावू नका,” ती नेरिओला म्हणाली. त्यानंच एन्डरला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं, म्हणून ती दोघं एकमेकांना कोम्पाद्रे, कोमाद्रे म्हणायची. “प्यायला लागलाय मेला. बापाच्याच वळणावर गेलाय. तोही दारुडाच होता.”

नवरा मेल्यावर जी बाई या एका शब्दासाठी गावाशी भांडली, तिनं तो शब्द नवऱ्याच्याच नावाला लावला. आणि एन्डर शेजारी उभा राहून ऐकत होता.

नेरिओ एन्डरच्या जवळ आला. त्यानं आधी शर्ट हुंगला, मग पोराचं तोंड.

“कोमाद्रे, वास शर्टाला येतोय. तोंडाला नाही.” मग म्हणाला, “दारुडा असता तर घेतला असता हो. दारू उतरते. तुम्हीच शिकवलंत की आम्हाला.”

“मग विसरा. मी शिकवलेलं सगळं विसरा. एवढ्या एका पोरापुरतं.”

नेरिओ वाईट माणूस नाही. पण नावेत आणखी दोघं होते, त्यांचीही घरं होती. पाण्यात झटका आला तर सगळेच जायचे. त्यानं एन्डरला मिठी मारली आणि नाव लोटली.

परतताना इराइमा पीठ घ्यायला सिप्रियानोच्या दुकानात शिरली, मागोमाग एन्डर. धक्क्यावरची बातमी आधीच येऊन पोचली होती. सिप्रियानो उठला. फडक्यानं खुर्ची पुसली, आणि अगदी मायेनं, इराइमानं शिकवलं होतं तशी, एन्डरपुढे सरकवली.

एन्डरनं आईकडे बघितलं. ती पिठाच्या पोत्याकडे बघत होती. मग तो बसला आणि वाकून बूट काढायला लागला.