सही कुणाकुणाची

आमच्या फॉर्मकाकू फॉर्म लगेच हातात द्यायच्या, पण पेन स्वतःच्या पर्समध्येच ठेवायच्या. इकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आमच्या गावच्या लायब्ररीत त्या दर शनिवारी हौसेनं काम करत. लोकांच्या घरची जुनी पत्रं, फोटो स्कॅन करून लायब्ररी वेबसाइटवर ठेवायची आणि मूळ वस्तू परत करायची. त्यासाठी मालकाची लेखी परवानगी घेणं हे काकूंचं खातं.

इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्या दिवाळीचा फोटो घेऊन आलेले एक काका म्हणाले, “ट्रस्ट आहे तुमच्यावर, द्या पेन.”

“ट्रस्ट माझ्यावर ठेवा, सही वाचून करा. नेटवर गेलेलं परत घडी घालून कपाटात ठेवता येत नाही.”

मग फोटो काढला कुणी, कडेवरचं बाळ कुणाचं, ते आता कुठे जॉब करतं, सगळं विचारून झालं. निम्म्या चौकशा फॉर्मसाठी, निम्म्या निव्वळ काकूंसाठी. मला त्या ऐकत बसायला फार आवडायचं.

मी माझ्या बाबांची पत्रं नेली तेव्हा मात्र चौकशी माझ्यावरच आली. शाई उडत चालली होती, मला घाई होती. काकूंनी विचारलं, “भावंडं?”

दूर दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला माझा दादा होता. आमचं बोलणं बंद होतं. बाबा गेल्यावर त्यांचं अपार्टमेंट मी त्याला न विचारता रिकामं केलं, पत्रंही उचलली.

“पत्रं तुझ्याकडे आहेत गं, पण बाबा दोघांचे. त्याचीही सही लागेल.”

“काकू, त्याला कळणारसुद्धा नाही.”

“म्हणूनच विचारायचं.”

मला रागच आला. दोन शनिवार मी तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या शनिवारी मुकाट्यानं दादाचा पत्ता दिला. काकूंनी त्याला फॉर्म पाठवला, सोबत प्रत्येक कलमाचा मराठीत अर्थ, आणि खाली एक प्रश्न, ज्याचा फॉर्मशी काडीचा संबंध नव्हता: तुमचे बाबा चिडले की कोणत्या भाषेत बोलायचे?

दादाचं चार पानी उत्तर आलं, सहीसकट. त्या रविवारी त्याचा फोन आला. “स्कॅन कर, पण आधी मला वाचून दाखव.” मग दर रविवारी एक पत्र वाचायचं ठरलं.

पत्रं संपायच्या आत काकू गेल्या. फ्यूनरलला दादा विमानानं आला. ज्या बाईला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं, तिच्यासाठी तो मागच्या रांगेत डोळे पुसत होता. मी शेजारी जाऊन बसले.

“बाबा गेल्यावर मला कुणी काहीच विचारलं नव्हतं,” तो म्हणाला. “ह्यांनी विचारलं.”