पडदाभर अक्षर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नगरच्या जुन्या स्टँडजवळ कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होते. कोर्स करून नुकतीच लागलेली, त्यामुळे अक्कल कमी आणि तोरा जास्त. गिऱ्हाइकानं तेच दोनदा विचारलं की माझं डोकं फिरायचं.

एक दिवस शेवगावहून एक चाचा आले. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली होती, शाळांची, कोर्टाची, मशिदीतली. वाचायचं मात्र म्हातारपणी, असं ठरवून ठेवलेलं. म्हातारपण आलं ते काचबिंदू घेऊन. दिसतंय तोवर बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. मुलानं पुण्याहून जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. सीडीवर पुस्तक मिळतं आणि त्यातलं अक्षर हवं तेवढं मोठं होतं, असं त्यानंच सांगितलेलं.

आमच्याकडे मराठी लोककथांच्या दोन सीडी होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या.

"दोन्ही लावून दाखव, बेटा," चाचा म्हणाले. "ज्यात अक्षर मोठं हुतं, ती घेतो."

सील फोडलं की माल आपल्या गळ्यात, हा दुकानाचा नियम. त्यामुळे आपण काय विकतो, हे आमच्यापैकी कुणीच उघडून पाहिलेलं नव्हतं. मला माहीत नाही, एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण ते माझ्या तोंडून निघणार कसं? कुठलीही घ्या, सारख्याच असतात, असं ठोकून मी चकचकीत खोक्याची सीडी पुढे सरकवली.

दीड महिन्यानं ते परत आले. त्या सीडीत पानांचे नुसते फोटो होते. मोठं केलं की अक्षर फुटायचं, शाई सांडल्यासारखं पसरायचं. त्यांना ती बदलून दुसरी हवी होती. मी भिंतीवरच्या 'सील फोडलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडे बोट दाखवलं. ते भांडले नाहीत. खोक्याची एक कड सुटली होती, ती सवयीनं अंगठ्यानं दाबत राहिले.

"बांधणी चांगली हाय," ते म्हणाले. "आत काय हाय ते उघडल्याबिगर कळत न्हाई. मला तरी ठाऊक असायला पायजे हुतं."

ते ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि विसरून गेले असते. ते वाक्य मात्र जेवताना आठवायचं, अंघोळ करताना आठवायचं. दिवाळी गेली. शेवटी मालक बाहेर असताना मी दुसऱ्या सीडीचं सील फोडलं. अक्षर वाढत गेलं, वाढत गेलं, आणि एकट्या 'क'नं पडदा भरला. त्या रविवारी ती सीडी आणि बिलबुकातला त्यांचा पत्ता घेऊन मी शेवगावची एसटी पकडली.

चाचा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. चाची हळूच म्हणाल्या, पंधरा दिवस झाले, आता फक्त उजेड-अंधार कळतो.

पंधरा दिवस. मला तिथेच बसकण मारून रडावंसं वाटलं.

दुसरं काय करायचं ते सुचेना, म्हणून त्यांच्यासोबत आत जाऊन सीडी लावली. अक्षर मोठं केलं. चाचांनी चाचपडत काचेवर तळहात ठेवला.

"किती मोठं झालं?"

"पडदाभर."

"मग वाच."

मी एक गोष्ट वाचली. संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. निघताना मी म्हणाले, पुढच्या रविवारी येते.

"ये," ते म्हणाले. "मशीन चालू ठेवतो."

मी गेले नाही. त्या रविवारी नाही आणि नंतरही नाही. कामं होती, असं सांगत आले. खरं तर मला त्या चेहऱ्याची भीती वाटत होती.

आता माझाही चष्मा जाड झालाय. फोनवर पुस्तक उघडून दोन बोटांनी अक्षर मोठं करते, तेव्हा कानाशी आवाज येतो, किती मोठं झालं? घरात कुणी नसतं. मी उत्तर देते आणि मोठ्यानं वाचायला लागते. ते मशीन किती रविवार चालू राहिलं, हे मी कधी विचारायला गेले नाही.