ती पाळी नव्हती

पाळी चुकल्याचं माझ्या लक्षात आलं ते ऑफिसच्या मीटिंगमध्ये. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका शिपिंग कंपनीत मी कागदपत्रांचं काम बघते. समोर मॅनेजर पुढच्या महिन्याच्या कंटेनरबद्दल बोलत होता आणि मी टेबलाखाली मोबाईलचं कॅलेंडर उघडून बसले होते. मागची पाळी मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगच्या आधी आलेली. म्हणजे उशीर झाला होता, आणि बराच झाला होता.

मी तेव्हा सदतीस वर्षांची, मुलगी आठची. नवरा दीड तासावरच्या रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात. आठवडाभर तिकडेच राहायचा, शुक्रवारी दुपारनंतर घरी यायचा. घर, शाळा, नोकरी मी एकटी ओढत होते. दुसरं मूल नको हे आमचं केव्हाच ठरलेलं.

त्या शुक्रवारी जेवताना त्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"टेस्ट केलीस?"

"नाही. थांबते जरा. टेन्शननेही पुढे जाते कधीकधी."

"आणि असलंच तर?"

"व्हॉट टेस्ट?" मुलीने ताटातून मान वर केली.

"ऑफिसची," मी म्हटलं आणि आमटी वाढायला उठले.

खरं तर टेस्ट करायची मला भीती वाटत होती. आमच्या बिल्डिंगखालीच फार्मसी आहे. दोनदा आत शिरले आणि खोकल्याचं औषध, टूथपेस्ट घेऊन परत आले. छाती जड झाली होती, सकाळी चहाचा वास नको वाटायचा. कळत होतं, पण ते कळून घ्यायचं नव्हतं.

मग एका सकाळी डाग दिसला. बाथरूममध्येच भिंतीला टेकून मी मोठ्ठा श्वास सोडला. नवऱ्याला मेसेज केला, "आली." त्याच्याकडून नुसते हात जोडलेले आले. संध्याकाळी मुलीसाठी शिरा केला. कशाबद्दल, ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

पण ही पाळी माझ्या नेहमीच्या पाळीसारखी नव्हती. तपकिरी, थोडंथोडं जायचं. नीट येतही नव्हती आणि थांबतही नव्हती. उजव्या बाजूला खाली बारीक कळ यायची. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, चाळिशी आली की असंच सुरू होतं." मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. गोळी घेऊन काम करत राहिले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी कॉम्प्युटरसमोर बसले असताना ती कळ एकदम सुरी फिरवल्यासारखी आली. घाम फुटला. बरं नाही म्हणून सांगितलं आणि टॅक्सी करून घरी, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला आले. वाटेत एक विचित्र गोष्ट झाली. पोटाबरोबर उजवा खांदा दुखायला लागला. मला वाटलं, लॅपटॉपची बॅग ओढून दुखत असेल.

शेजारी रत्नागिरीकडचं मुसलमान कुटुंब राहतं. तिथल्या बाईंना मी भाभी म्हणते. लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हा त्या दारातच होत्या.

"काय गो, एवढ्या लवकर?"

"पाळीचं दुखतंय, भाभी. झोपते जरा."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "पाळीत तोंड असं पांढरं पडतं? ओठ बघ आरशात."

मी हसायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि त्या आत सासूला ओरडून सांगत होत्या, "अम्मी, हिच्या मुलीला बसवरनं तुम्ही उतरवून घ्या! आम्ही हॉस्पिटलात चाललो."

इमर्जन्सीत डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं, "लास्ट पीरियड कब आया?"

"अभी चल रहा है."

तरी त्यांनी तपासणी करायला लावली. मग माझ्या उशाशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "आप प्रेग्नंट हो."

"पण पाळी आलीय ना!" मी मराठीतच बोलले. भाभींनी माझा हात घट्ट धरला.

सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पिशवी रिकामी आहे. गर्भ नळीतच रुजला होता आणि आता नळी फुटली आहे. पोटात रक्त साचतंय, त्याचाच त्रास खांद्यापर्यंत जातोय. जे जात होतं, ती पाळी नव्हती. ऑपरेशन लगेच करावं लागेल.

नवऱ्याला फोन लावला. भाभींनी आधीच कळवलं होतं, तो केव्हाच निघाला होता. गाडीचा आवाज येत होता.

"मी येतोय. डॉक्टरांना सांग, मी येईपर्यंत..."

"थांबता येणार नाही म्हणतात."

तो म्हणाला, "बरं. हो म्हण. घाबरू नकोस." त्याचाच आवाज फाटला होता.

स्ट्रेचर ढकलायला लागले तेव्हा मनात एकच गोष्ट होती. मुलीच्या डब्यातली पोळी आज नेहमीसारखी परत आली असेल, आणि तिला ओरडायला मी असेन का?

जाग आली तेव्हा नवरा बाजूला होता. कारखान्यातूनच तसाच आलेला, बुटांवर पांढरी माती. "उजवी नळी काढली," तो म्हणाला. "थोडा उशीर झाला असता तर..."

"आपल्याला नकोच होतं ना ते," मी म्हटलं आणि मलाच रडू कोसळलं. तो बराच वेळ माझ्या केसांवरून हात फिरवत बसला. नको असलेलं गेलं तरी जाणं हे जाणंच असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाभी मुलीला घेऊन आल्या. ती लांबच उभी राहून म्हणाली, "मम्मा, डिड दे टेक द पेन आउट?"

"काढलं गं सगळं," मी म्हटलं. "ये इकडे."

आठवड्याने टाके दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा कधी तारीख उलटली तर वाट बघत बसू नका, लगेच तपासून घ्या, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ताबडतोब माझ्याकडे या. मी मान डोलावली.

नंतर पाळी परत आली ती घरीच, सुट्टीच्या दिवशी. लाल, नेहमीची. तरीही मी तशीच बसून राहिले, पोटाच्या उजव्या बाजूवर हात दाबून. बाहेरून नवऱ्याने दार वाजवलं.

"काय झालं? बरी आहेस ना?"

"आलीय," मी म्हटलं.

या वेळी त्याने हात जोडले नाहीत. दारापलीकडून विचारलं, "दुखतंय कुठे? नीट सांग."