टेपची वायर आणि अर्धं राहिलेलं रेकॉर्डिंग

मी सहकारी संस्थांचं ऑडिट करतो. समोरचा सांगेल ते खरं धरायचं नाही, ही आमच्या कामाची पहिली अट. या सदरातले अनुभव मी वाचतो तेही चूक कुठे आहे ते शोधायला, आणि बहुतेकदा ती सापडते. माझ्याच घरातली मात्र सापडली नाही, म्हणून लिहितोय… तुम्हीच पाहा.

आम्ही नागपुरात बेसाला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. गेल्या मे महिन्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं – रामदासपेठेत, सोमवारी. आई घाबरली होती. शनिवारी सकाळी म्हणाली, "डोयाचं काही बरंवाईट झालं तर? त्याच्या आंधी मले एकदा तुह्या बाबाले पाहू दे."

बाबांची काटोलला संत्र्याची बाग होती. झाडांवरच्या डिंक्या रोगाबद्दल आणि त्यावर खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टबद्दल एका चॅनलनं त्यांची मुलाखत घेतली होती. ती त्यांनी स्वतःच घरच्या डिशच्या रिसीव्हरवर रेकॉर्ड करून ठेवली. बाबांचं हलतं-बोलतं चित्र म्हणाल तर तेवढंच, आणि ते त्या जुन्या डब्याशिवाय कशावरही चालत नाही. त्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळ्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं होतं. त्यानंतर डबा कोणी लावला नाही.

लावायला गेलो, तर वायर तोडलेली! हे काम धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं, प्रकाशरावांचं. नागपुरात उन्हाळा लागला की कूलर बसवताना घरातली जी वायर मोकळी दिसेल ती पंपाला जोडली जाते. त्यांनी प्लगकडचा भाग कापून पंपाला लावला होता. डब्यात खुपसायचं टोक तेवढं ड्रॉवरमध्ये पडलेलं. फोन केला, तर म्हणतात, "दादा, डबा बंदच होता ना! आन् पंप तं मस्त चालून राहिला."

ते तुटकं टोक मापाला म्हणून खिशात टाकलं आणि सीताबर्डीला निघालो. बायको माहेरी अमरावतीला गेलेली. आई घरी एकटीच. दार आतून लावून घ्यायला सांगितलं.

दुकानदार टोक पाहत आणि हसत. एक म्हणाला, "काकाजी, ये तो टेपवाली वायर है. डब्बाच नवा घ्या ना!" त्याला नवा डबा का चालणार नाही हे सांगत बसलो नाही. शेवटी एका जुन्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात दोन गोल छिद्रांची तशीच वायर मिळाली. टोकाशी टोक लावून पाहिलं, व्होल्ट-अँपिअर वाचले, मगच घेतली.

दुपारी घरी आलो. कडी आतूनच होती. आईनं दार उघडलं; डोळे ओले. म्हटलं, "आई, मिळाली वायर."

"आता कायले? पाह्यलं ना मी."

"काय पाहिलं?"

"तुह्या बाबाले. अर्धंच पाह्यलं. मंग मुद्दाम थांबवलं. उरलेलं ऑपरेशन झाल्यावर पाहीन म्हटलं, नव्या डोयानं."

मला वाटलं, भीतीनं डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल. "कुठे थांबवलंस?"

"ते खोडाले बोर्डो पेस्ट लावून दाखवते ना, हात वर करते… थेच."

मी डब्याला हात लावून पाहिला. गरम होता. पण नागपूरच्या मे महिन्यात लोखंडी कपाटही गरम असतं. तो पुरावा नव्हे. नवी वायर लावली, डबा सुरू केला. रेकॉर्डिंगच्या यादीत बाबांची मुलाखत. पूर्ण पाहिलेल्या रेकॉर्डिंगपुढे नुसतं 'प्ले' येतं. इथे 'रिझ्यूम' होतं. ते दाबलं.

पडद्यावर बाबा. खोडाजवळ. हात वर.

आई किंचाळली, "बंद कर गा! म्या राखून ठेवलं आहे!"

मी बंद केलं. मग लागलो तपासाला. प्रकाशराव येऊन गेले असतील – तर ते दिवसभर त्यांच्या स्वतःच्या दुकानात, चार लोकांनी सांगितलं. शेजारचं कोणी – कोणाला डबा माहीतच नाही, आणि आई म्हणते कोणी आलं नाही. घरात दुसरी वायर – माळ्यापासून पलंगाखालपर्यंत पाहिलं. लॅपटॉपची तीन छिद्रांची, बसत नाही. तुटकं टोक माझ्याच खिशात.

"आई, खरं सांग, वायर कुठून आणलीस?"

"काहून गा, चोर आहो का मी? रिमोट दाबला, लागलं. तू वायरच पाहून राह्यला. मी माणूस पाहून राह्यली होती."

सोमवारी तिला टेबलावर नेलं तेव्हा ती अजिबात घाबरली नव्हती. नर्सला म्हणाली, "लवकर करा, बाई. अर्धं राह्यलं आहे घरी."

पट्टी निघाली, डॉक्टरांनी टीव्हीची परवानगी दिली आणि आम्ही उरलेलं लावलं. आई पुढे सरकून बसली. बाबा पेस्ट लावत होते. एकदम म्हणाली, "अवं माय! ह्यायच्या शर्टाचं बटन तुटलं होतं… आन् मी तसंच जाऊ देलं!" आणि हसता हसता रडली.

डब्याला वीज कुठून मिळाली, ते मला आजही माहीत नाही. नवी वायर आता त्यालाच लावून ठेवली आहे. कूलर बसवायच्या दिवसांत प्रकाशरावांना त्या खोलीत मी एकटं सोडत नाही.